सिकलसेल : सूक्ष्मदर्शकापासून पाळण्यापर्यंत

बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुड्याची रांग आहे. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतली कोरकू, भिल्ल, भिलाला, निहाल या लोकांची गावे या डोंगरात आणि त्याच्या पायथ्याशी वसली आहेत. इथल्या एखाद्या शाळेचा हजेरीपट आपल्यासमोर आहे अशी कल्पना करू. चौथीतली एक मुलगी. जून-जुलैत तिची हजेरी चांगली आहे. ऑगस्टमध्ये ती सलग पाच दिवस गैरहजर, डिसेंबरच्या थंडीत आठ दिवस, मार्चमध्ये पुन्हा चार दिवस. मुलगी स्वतः धडधाकट आहे. कारण विचारले की ती सांगते, "आईचे अंग दुखत होते. धाकट्याला सांभाळायला कोणी नव्हते." गुरुजींना हे कारण काही पटत नाही. शेतात राबणाऱ्या कोणत्या बाईचे अंग दुखत नाही?

ही मुलगी काल्पनिक आहे. पण विदर्भातल्या पुष्कळ शिक्षकांना ती ओळखीची वाटेल. तिच्या आईला सिकलसेलचा आजार असेल तर 'अंग दुखणे' या दोन शब्दांचा अर्थ फार वेगळा होतो. हाडांच्या आत बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे होणारी ही वेदना इतकी तीव्र असते की माणूस उठू शकत नाही, बोलू शकत नाही. ती केव्हा येईल ते सांगता येत नाही. आली की काही तास राहते किंवा काही दिवस. त्या दिवसांतही घरातल्या लहान मुलाला भूक लागतेच.

या आजाराचा इतिहास लिहिताना शास्त्रज्ञांची नावे आणि शोधांची साले सांगण्याची पद्धत आहे. तीही आपण पाहणार आहोत. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहू. सिकलसेलच्या जुन्या वर्णनांत रुग्ण म्हणून बहुतेक वेळा लहान मूल दिसते, फार तर एखादा तरुण. आजारी असूनही स्वतःची मुले वाढवणारे आईबाप त्यांत क्वचितच भेटतात. आज असे आईबाप हजारोंनी आहेत. हा बदल कसा झाला आणि त्यातून शाळेवर कोणती जबाबदारी आली, हा या लेखाचा विषय आहे.

शिकागोतला विद्यार्थी

१९०४ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील शिकागो शहरातल्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा २० वर्षांचा तरुण दाखल झाला. तो वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडा बेटावरचा, दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेला. खोकला, ताप, धाप लागणे आणि पायांवर जुन्या जखमांचे वण अशी त्याची लक्षणे होती. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तांबड्या पेशी नेहमीसारख्या गोल चकतीसारख्या नव्हत्या. पुष्कळ पेशी लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी या रुग्णावर पुढे अडीच वर्षे लक्ष ठेवले आणि १९१० साली त्याची हकीकत छापली. सिकलसेलचे शास्त्रीय साहित्यातले हे पहिले वर्णन.

नोएल शिक्षण पूर्ण करून मायदेशी परतला. तिथे त्याने दंतवैद्य म्हणून काम केले. १९१६ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, छातीच्या विकाराने तो वारला.

आजार त्याआधीही होताच. पश्चिम आफ्रिकेत हाडे दुखण्याच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यात दिसणाऱ्या या रोगाला स्थानिक भाषांत नावे होती. तिथल्या इग्बो लोकांमध्ये अशी समजूत होती की काही मुले पुन्हा पुन्हा त्याच आईच्या पोटी जन्म घेतात आणि पुन्हा पुन्हा मरतात. एकामागून एक मुले गमावणाऱ्या आईने आपल्या दुःखाला दिलेला तो अर्थ होता.

बाप निरोगी, तरीही

१९१७ साली व्हिक्टर एमेल यांनी एका रुग्ण मुलीच्या वडिलांचे रक्त तपासले. वडील ठणठणीत होते. पण त्यांच्या रक्ताचा थेंब काचेखाली बंद करून काही काळ ठेवला तेव्हा त्यातल्या पेशीही विळ्यासारख्या झाल्या. म्हणजे आजार नसलेल्या माणसातही आजाराचे काहीतरी होते. पाच वर्षांनी, १९२२ साली, व्हर्न मेसन यांनी या रोगाला 'सिकलसेल अ‍ॅनिमिया' हे नाव दिले. सिकल म्हणजे विळा. १९२७ साली हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले की ऑक्सिजन कमी झाला की पेशी वाकतात आणि ऑक्सिजन मिळाला की पुन्हा सरळ होतात.

एमेल यांनी पाहिलेल्या कोड्याचा उलगडा व्हायला १९४९ साल उजाडले. अमेरिकेत जेम्स नील आणि आफ्रिकेत ई. ए. बीट यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे सांगितले की हा मेंडेलच्या नियमानुसार चालणारा आनुवंशिक रोग आहे. प्रत्येक माणसाला हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही नेहमीच्या असतील तर तो 'एए'. एक नेहमीची आणि एक सिकलची असेल तर तो 'एएस', म्हणजे वाहक. दोन्ही सिकलच्या असतील तर तो 'एसएस', म्हणजे रुग्ण. वाहक माणूस आजारी नसतो. त्याला औषधाची गरज नसते. शेती, खेळ, नोकरी, संसार तो इतरांसारखाच करतो.

त्याच वर्षी लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात रुग्णांचे हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकते हे दाखवले. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूत आहे हे प्रथमच सिद्ध झाले. १९५७ साली व्हर्नन इनग्राम यांनी बदलाची नेमकी जात पकडली. पुढे त्याची जागाही निश्चित झाली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या ठिकाणी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येते. एवढ्या एका बदलामुळे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या कांड्या बनतात. पेशी ताठर होते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. नेहमीची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रुग्णाच्या अंगात रक्त कमी, डोळ्यांत पिवळेपणा आणि हाडांत वेदना.

सातपुड्यात हा आजार का?

इतका घातक बदल पिढ्यांमागून पिढ्या टिकून कसा राहिला? १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासावरून उत्तर दिले. ज्यांच्यात सिकलची एकच प्रत आहे अशा मुलांना घातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. हिवतापाच्या प्रदेशात एए मुले तापाने दगावत, एसएस मुले सिकलसेलने दगावत आणि एएस मुले त्यातल्या त्यात तगून राहत. मोठी होऊन ती आईबाप होत आणि जनुक पुढच्या पिढीला देत.

हिवतापाचे रान म्हटले की आपल्याकडे सातपुडा, मेळघाट, गडचिरोलीची आठवण होते. भारतात सिकलसेलचे पहिले अहवाल १९५२ साली आले, निलगिरीतल्या आदिवासींतून आणि आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांतून. मध्य भारताचा अहवाल १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापला. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली, ती अशी की विदर्भात हा आजार केवळ आदिवासींचा नाही. गावगाड्यातल्या इतर जातींमध्येही, विशेषतः अनुसूचित जातींमध्ये, तो आहे. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रभर आदिवासी पाड्यांवर फिरून तपासण्या केल्या. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत असल्याचे त्यांतून दिसले. या कामासाठी त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली.

भारतातल्या आणि पूर्व सौदी अरेबियातल्या रुग्णांत हा बदल आफ्रिकेहून स्वतंत्रपणे झाला असल्याचे १९८० च्या दशकात जनुकांच्या तपासणीतून दिसले. या रुग्णांच्या रक्तात 'गर्भीय हिमोग्लोबिन' मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते. गर्भात असताना बाळाच्या अंगात हेच हिमोग्लोबिन असते, आणि त्यामुळे सिकलच्या कांड्या बनण्यास अडथळा येतो. नवजात बाळाला हा आजार सुरुवातीचे काही महिने त्रास देत नाही, त्याचे कारणही हेच. न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच हे सुचवले होते. भारतीय रुग्णांपैकी अनेकजण औषधांशिवायही मोठे झाले, त्यांची लग्ने झाली, त्यांना मुले झाली, याला हे एक कारण आहे. मात्र यावरून 'आपल्याकडचा सिकलसेल सौम्य' असा जो समज पसरला तो विदर्भाला लागू पडत नाही. नागपूरला रुग्णांच्या अभ्यासात आजाराचे तीव्र रूपही पुष्कळ दिसले.

त्यांनी मुले होऊ द्यावीत का?

रेणूचे कोडे सुटले, पण रुग्णाच्या हाती त्यातून लगेच काही आले नाही. उलट काही काळ विज्ञानाचा उपयोग त्यांना अडवण्यासाठीच होईल की काय अशी स्थिती होती. १९६८ साली खुद्द लायनस पॉलिंग यांनी एका लेखात सुचवले की वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. पॉलिंग हे दोन नोबेल पारितोषिके मिळवलेले शास्त्रज्ञ आणि अणुचाचण्यांविरुद्ध लढलेले शांततावादी. हेतू दुःख टाळण्याचा होता, पण सुचवलेला उपाय माणसांना डाग देणारा होता. १९७१ साली अमेरिकेतल्या काही स्त्रीरोगतज्ज्ञांनी असे मत छापले की सिकलसेलच्या स्त्रीला गर्भारपणात इतका धोका असतो की तिने मूल होऊ देऊच नये.

त्याच दशकात ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात एक अनुभव आला. तिथे साधारण चौघांत एक माणूस वाहक होता. शास्त्रज्ञांनी सगळ्यांची तपासणी केली, समुपदेशन केले आणि लग्ने जपून करा असे सांगितले. काही वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा दोन वाहकांच्या विवाहांचे प्रमाण योगायोगाने जितके झाले असते तितकेच होते. पुष्कळांनी आपली माहिती लपवली होती. वाहक मुलींकडे गाव संशयाने पाहू लागले होते. निरोगी माणसांच्या माथी रोग्याचा शिक्का बसला, एवढेच हाती लागले.

आपल्याकडे लग्नाआधी 'सिकलसेलची पत्रिका' जुळवा असे सांगितले जाते. सल्ला चुकीचा नाही. पण ज्या गावात मुलीचे लग्न मोडणे ही घराची नामुष्की मानली जाते, तिथे तपासणीचे कार्ड पेटीच्या तळाशी जाऊन बसते. ऑर्कोमेनोसचा हा धडा विदर्भातल्या प्रत्येक शाळेने लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोण वाहक आहे हे वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये.

पोटावरचा हात

रुग्णांचे आयुष्य खऱ्या अर्थाने वाढले ते तीन साध्या गोष्टींनी. त्यांतली पहिली आईच्या हातातली आहे.

जमेका बेटावर डॉ. ग्रॅहॅम सर्जंट यांच्या गटाने १९७३ ते १९८१ या काळात एक लाख नवजात बाळांची तपासणी केली आणि त्यांतल्या सिकलसेलच्या मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. त्यांना दिसले की लहान मुले अचानक दगावण्याचे एक मोठे कारण प्लीहा, म्हणजे पाणथरी, हे आहे. डाव्या बरगडीखालचा हा अवयव काही तासांत फुगतो, अंगातले रक्त त्यात साठून राहते आणि मूल पांढरेफटक पडते. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर होतो. मग त्यांनी आयांना बाळाच्या पोटावर हात ठेवून पाणथरी चाचपायला शिकवले. ती रोज किती बोटे लागते ते पाहायचे. वाढलेली वाटली की लगेच निघायचे. परिणाम असा झाला की असे प्रसंग आधीपेक्षा जास्त संख्येने लक्षात येऊ लागले, आणि दर शंभर प्रसंगांमागे जिथे सुमारे २९ मुले दगावत होती तिथे ती संख्या ३ वर आली. ना यंत्र, ना औषध. आईला कारण समजावून सांगितले आणि तिच्या हातावर विश्वास ठेवला.

आपल्या मेळघाटात बाळाचे पोट फुगले की तापवलेल्या विळ्याने चटके देण्याची 'डंबा' ही रूढी आहे. तशा बातम्या अजूनही अधूनमधून येतात. पोट फुगण्याची कारणे अनेक असतात, वाढलेली पाणथरी हे त्यांतले एक. चटके देणाऱ्या आजीची माया कमी असते असे नाही. पोटाकडे तिचेही लक्ष असतेच, पण पोटात काय चालले आहे ते तिला कोणी सांगितलेले नसते. तिच्यावर हसून किंवा रागावून ही रूढी जाणार नाही. तिच्या हाताला दुसरे काम शिकवावे लागेल.

दुसरी गोष्ट पेनिसिलिनची. पाणथरी निकामी झाल्यामुळे या मुलांना न्यूमोकॉकस जंतूचा संसर्ग फार लवकर होतो. १९८६ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत रोज पेनिसिलिन घेणाऱ्या लहान मुलांत हा संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी आठ महिने आधीच थांबवून सर्व मुलांना औषध देण्यात आले. तिसरी गोष्ट हायड्रॉक्सियुरिया. हे औषध गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते. १९९५ साली २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. औषध घेणाऱ्यांत वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले की आपल्याकडच्या मुलांत कमी मात्राही चांगली लागू पडते. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचारालाही मान्यता मिळाली. पण त्याचा खर्च पाहता सातपुड्यातल्या घराच्या दृष्टीने आजचे औषध हायड्रॉक्सियुरिया हेच आहे.

या तीन गोष्टींमुळे पाळण्यातले मूल शाळेत पोचले, शाळेतले मूल लग्नमंडपात. आणि मग आजाराच्या इतिहासात ते नवे माणूस आले, ज्याला स्वतःलाही जपायचे आहे आणि मुलालाही.

खारे पाणी, थंडी आणि कडेवरचे मूल

डॉक्टर सिकलसेलच्या स्त्रीला काय सांगतात? भरपूर पाणी प्या, थंडी टाळा, फार दमू नका, ताप आला तर थांबू नका. सल्ला अगदी शास्त्रशुद्ध आहे. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतले हिमोग्लोबिन दाटते आणि कांड्या लवकर बनतात. शिवाय या रुग्णांच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून त्यांना इतरांहून जास्त पाणी लागते.

आता हा सल्ला बुलडाणा जिल्ह्यात पाळून पाहू. डोंगर उतरून पूर्णा नदीकडे आले की खारपाणपट्टा लागतो. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतल्या अनेक गावांत विहिरींचे पाणी मचूळ किंवा खारट. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. डोंगरातल्या गावांत पाणी दुरून आणायचे. कापूस वेचणीचा हंगाम नेमका थंडीत. दमायचे नाही तर घर कसे चालणार? पुष्कळ रुग्णांच्या मांडीच्या हाडाचे डोके रक्त न मिळाल्यामुळे झिजते. त्यांना उकिडवे बसणे जड जाते, मग चुलीपुढचे काम आणि निंदणी कशी करायची? मूल कडेवर घेतले की सगळा भार त्याच खुब्यावर येतो.

गर्भारपणात रक्त आणखी कमी होते, वेदनेचे झटके वाढू शकतात, बाळाचे वजन कमी राहू शकते. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्या स्त्रीने गर्भ राहण्याआधीच डॉक्टरांना सांगावे लागते, कारण त्या काळात ते सहसा थांबवतात. म्हणजे ज्या महिन्यांत आधाराची सर्वांत जास्त गरज, त्याच महिन्यांत नेहमीचे औषध हाताशी नसते. तरीही वेळेवर नोंदणी, नियमित तपासणी, गरज पडल्यास रक्त आणि रुग्णालयातच बाळंतपण एवढे झाले तर बहुतेक स्त्रिया सुखरूप आई होतात. १९७१ सालच्या त्या मताला काळाने दिलेले हे उत्तर आहे.

आणि तिच्या मुलाचे काय? पिता एए असेल तर तिची सर्व मुले वाहक होतात, एकही आजारी नसते. पिता वाहक असेल तर प्रत्येक खेपेस मूल रुग्ण असण्याची शक्यता निम्मी. पिताही रुग्ण असेल तर सर्वच मुले रुग्ण. आजारी आईच्या मुलाचे भविष्य अशा रीतीने पित्याच्या रक्तावर ठरते. तरी गावात बोल लागतो तो बाईलाच. पुरुषाने तपासणी करून घेणे ही इथे अर्धी लढाई आहे.

संघटना, शासन आणि शाळा

विदर्भात या प्रश्नाला तोंड फोडण्यात पालकांचाच वाटा मोठा आहे. नागपूरचे संपत रामटेके यांनी स्वतःच्या घरातला आजाराचा अनुभव पाठीशी घेऊन रुग्ण आणि पालकांना संघटित केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राज्य शासनाने २००८-०९ पासून टप्प्याटप्प्याने सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम सुरू केला आणि बुलडाणाही त्यात आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश झाला. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे लक्ष्य आहे. २०२४ साली बुलडाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले.

तपासणी दोन टप्प्यांत होते हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. पहिल्या विद्राव्यता चाचणीत सिकल असलेले रक्त द्रावणात टाकताच द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या रेघा दिसेनाशा होतात. पण यावरून माणूस वाहक आहे की रुग्ण ते कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी चाचणी लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला पहिल्या चाचणीचा भरवसा नाही, कारण त्याच्या रक्तात अजून गर्भीय हिमोग्लोबिन असते. पहिल्या चाचणीच्या कागदावरून घाबरलेले किंवा निर्धास्त झालेले पालक शाळेत येतात. त्यांना 'दुसरी चाचणी झाली का?' एवढे विचारले तरी मोठे काम होते.

रुग्ण विद्यार्थ्याला पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, लघवीला वारंवार जाऊ देणे, थंडीत मैदानावर उभे न करणे, दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळतो हे वेळेत सांगणे, या गोष्टी आता बऱ्याच शाळा करतात. ज्या मुलाची आई किंवा वडील रुग्ण आहेत ते मूल मात्र कोणत्याच यादीत नसते. त्याचा आजार शून्य, पण त्याचे शिक्षण आजाराच्या तावडीत. थोरली मुलगी असेल तर धाकट्याचे दूधपाणी, सरपण, पाणी तिच्याकडे येते. वेदनेच्या झटक्यांत आई तीन-चार दिवस दवाखान्यात असली की हजेरीपटावर ते दिवस कोरे राहतात.

अशा वेळी शाळेला करता येण्यासारखे थोडे पण नेमके आहे. गैरहजेरीचे कारण मुलाला एकटे घेऊन विचारावे. ते नोंदवावे आणि चारचौघांत बोलू नये. धाकट्याची अंगणवाडीत सोय होते का ते अंगणवाडीताईंशी बोलून पाहावे. आईचे कार्ड, औषधे आणि मिळणाऱ्या सवलती याबाबत आशाताईंना कळवावे. बुडालेला अभ्यास भरून काढण्याची जबाबदारी मुलावर न टाकता वर्गाने घ्यावी. आणि घरी झटका आला तर कोणाला हाक मारायची, कोणत्या दवाखान्यात जायचे, ही दोन नावे त्या मुलाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून द्यावीत.

वर्गात करून पाहा

दोन वाट्या घ्या. एक आईची, एक बाबांची. प्रत्येक वाटीत सारख्या आकाराचे दोन हरभरे टाका, एक साधा आणि एक शाईने रंगवलेला. रंगवलेला हरभरा म्हणजे सिकलची प्रत. दोघेही वाहक आहेत. डोळे मिटून दोन्ही वाट्यांतून एकेक हरभरा काढा. ही झाली त्यांच्या मुलाची जोडी. नोंद करा आणि हरभरे परत ज्याच्या त्या वाटीत टाका. असे ४० वेळा करा.

साधारण दहा वेळा दोन्ही हरभरे रंगीत निघतील, पण नेमके दहाच नव्हेत. आता नोंदीत असे प्रसंग शोधा जिथे लागोपाठ दोनदा दोन्ही रंगीत निघाले. ते हमखास सापडतात असे नाही, पण बहुतेक गटांना सापडतील. 'चारात एक' याचा अर्थ 'एक आजारी झाले, आता पुढची तीन ठीक' असा होत नाही, हे मुलांना स्वतःच्या बोटांनी कळेल. ही चूक मोठी माणसेही करतात आणि ती महागात पडते.

मग आईच्या वाटीत दोन्ही हरभरे रंगीत टाका आणि बाबांच्या वाटीत दोन्ही साधे. कितीही वेळा काढा, दोन्ही रंगीत अशी जोडी एकदाही निघणार नाही. वर्गात मागच्या बाकावर एखादी मुलगी गप्प बसून हे पाहत असेल. आपल्याला आईचा आजार नक्की होणार असे ती आजवर समजत आली असेल. तिच्याकडे वळून काही बोलण्याची गरज नाही. हरभरे मात्र एकदा तिच्या हातात द्या.